डोक्याला मार बसल्यावर लक्षाची टेस्ट दिली, त्याची गोष्ट

आधीच सांगतो, मी डॉक्टर-बिक्टर नाही. सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे, एकोणीस वर्षं झाली. शाळेचे शर्ट, हाफ पँट, फ्रॉक, एप्रिल-मेमध्ये तर जेवायला टाईम नसतो. मागच्या ऑक्टोबरमध्ये माझा ॲक्सिडेंट झाला आणि पाच महिन्यांनी एक तपासणी झाली, ती नेमकी काय असते हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, मी तर वेड्यांची टेस्ट असणार म्हणून दोनदा टाळली. म्हणून म्हणलं लिहून ठेवावं.

ॲक्सिडेंट म्हणजे काय, होटगी रोडला रात्री साडेदहाला कुत्रं आडवं आलं. हेल्मेट घरी फ्रिजवर. कुत्रं आठवतं, पांढरं होतं, त्यानंतरचं काही नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा जीसीएस, म्हणजे शुद्ध किती आहे त्याचे मार्क, १५ पैकी १३, कागदावर इंग्रजीत ‘माईल्ड’ असं लिहिलेलं, आणि सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात उजवीकडं लहानसा रक्ताचा डाग. ऑपरेशन लागलं नाही. आठव्या दिवशी घरी सोडलं. त्या ‘माईल्ड’ शब्दानं पुढं आमचं फार नुकसान केलं, कारण घरातले, पाहुणे, मालक, सगळ्यांनी तो शब्द धरून ठेवला. माईल्ड आहे म्हणजे बरा आहे. मी पण तेच म्हणत होतो.

दिवाळीनंतर कामावर गेलो. हात-पाय नीट, बोलणं नीट, कैची हातात घेतली की हात आपोआप चालतो. पण दुसऱ्याच आठवड्यात साठ लेयरचा, म्हणजे कापडाचे साठ थर एकावर एक टाकून, शर्ट कापला, बाकी सगळा २८ साईज आणि बाह्या ३० च्या. शिलाईला गेल्यावर मशीनवरची बाई बाही घेऊन आली, “मास्टर, काय करायलाव, ही बसंना की.” साठ शर्टांच्या एकशे वीस बाह्या. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालक चांगले आहेत, काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं. मग घरी पण तसंच सुरू झालं. बायको म्हणायची दूध आणा, मी हो म्हणायचो, आणि हो म्हणलेलंच मला माहिती नसायचं. गॅसवर चहा ठेवून बाहेर. सगळे म्हणाले विसराळू झालाय, डोक्याला मार लागलाय, होतं, बदाम खा. बदाम खाल्ले. सासूबाईंनी ब्राह्मीचं तेल पाठवलं ते पण लावलं.

पण खरं हादरलो ते जानेवारीत, गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत. सोलापूरकरांना सांगायला नको, नंदीध्वज बघून झालं की लेकरं होम मैदानाकडं ओढतातच. माझी पोरगी सहा वर्षांची. डाव्या हातात तिचा हात, उजव्या हातात मोबाईल, पॉपकॉर्नवाल्याला पैसे टाकत होतो. पाळण्यांचे भोंगे, पिपाण्या, मागं मौत का कुआँच्या गाडीची घरघर, कोणतरी माईकवर हरवलेल्या माणसांची नावं घेत होतं. पैसे गेल्याचा आवाज आला, मोबाईल खिशात घातला, डावा हात रिकामा. कधी सुटला ते मला कळलंच नाही, म्हणजे हात सुटल्याचं जाणवलंच नाही, हेच मला अजून पटत नाही. सात-आठ मिनिटांनी सापडली, बांगड्यांच्या दुकानाजवळ एका तेलुगू आजीनं तिला धरून ठेवलं होतं. बायको घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मग परत डॉक्टरांकडं. तिथल्या एका ज्युनिअर डॉक्टरनं ओपीडीतच एक पानाची टेस्ट घेतली, मोका म्हणतात तिला, मराठीत पण आहे. घड्याळ काढा, प्राण्यांची नावं सांगा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा. ९३, ८६, ७९, ७२, ६५, फटाफट सांगितलं, बाह्या मोजणाऱ्या माणसाला काय ते. ३० पैकी २७ आले, त्यात एक मार्क शिक्षण बारावीपर्यंतच म्हणून वाढवून दिलेला. २६ किंवा त्याच्या वर म्हणजे नॉर्मल. एमआरआय पण फार काही वाईट नव्हता, डाग भरत आलेला. “सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.” आता नॉर्मल म्हणल्यावर माणूस काय बोलणार. बायको मात्र खुर्चीवरून उठली नाही. ती म्हणाली, “डॉक्टर, टेस्ट नॉर्मल असंल, हे नॉर्मल नाहीत.” मग त्यांनी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडं चिठ्ठी दिली. मेव्हणा औषध कंपनीत आहे, तो म्हणाला पाटीवर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, रजिस्ट्रेशन नंबर आहे का बघा, नुसते काउन्सेलर वेगळे. होता नंबर. सात रस्त्याच्या अलीकडं एका बोळात, जिना चढून वर.

पहिली अपॉइंटमेंट वाया गेली आणि त्याची पण मजा आहे. आदल्या रात्री आमच्याकडं पाणी आलं अडीच वाजता. पाण्याचा दिवस म्हणजे सोलापुरात झोपायचा दिवस नसतो, टाकी, पिंप, हंडे, सगळं भरून साडेचारला आडवा झालो. सायकॉलॉजिस्ट मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, रात्री किती झोपलात. म्हणलं दोन-अडीच तास. त्यांनी पेनच खाली ठेवलं. म्हणाल्या, न झोपलेल्या माणसाचं लक्ष मोजलं तर झोपेचीच टेस्ट होते, मेंदूची नाही, पुढच्या मंगळवारी या, त्या दिवशी पाणी आहे का बघून सांगा. मला राग आला होता खरंतर, अर्धा दिवस सुट्टी टाकलेली. आता वाटतं बरोबर होतं.

मंगळवारी पहिला दीड तास नुसत्या गप्पा. मला वाटत होतं टेस्ट कधी सुरू होणार, पण तीच टेस्ट होती अर्धी. चष्मा आहे का, ऐकायला येतं का, डावखुरे का, दारू, डोकेदुखी, झोपेत घोरता का, मन उदास असतं का, कारण डिप्रेशनमध्ये पण माणसाचं लक्ष असंच जातं. औषधं कोणती. दवाखान्यातून फिटची गोळी दिली होती, लेव्हेटिरासिटाम, ती डिसेंबरात डॉक्टरांनी बंद केली. मॅडमनी विचारलं गोळी बंद झाल्यावर काय बदललं. बायको म्हणाली चिडचिड कमी झाली, बाकी तसंच. ते त्यांनी लिहून घेतलं, त्या गोळीनं झोप आणि चिडचिड दोन्ही होऊ शकते म्हणे, म्हणून गोळीचं काय आणि मेंदूचं काय ते वेगळं काढावं लागतं.

मग विचारलं, ॲक्सिडेंटनंतरची पहिली सलग आठवण कोणती? मी म्हणलं, वडील कॉटवर बसून मोसंबं सोलत होते, दवाखान्यात नेलं त्याच रात्री. बायको माझ्याकडं बघायलाच लागली. ती म्हणाली, अहो मामंजी पाचव्या दिवशी आले गावाहून. त्याच्या आधी तुम्ही सगळ्यांशी बोलत होता, मालकांशी पण बोललात, ऑर्डरचं विचारलंत. मला त्यातलं काही नाही. चार दिवस मी डोळे उघडे ठेवून बोलत होतो आणि आत काहीच नोंद झाली नाही. मॅडम म्हणाल्या ही चार दिवसांची कोरी पाटी फार महत्त्वाची आहे, ती एक दिवसाच्या वर गेली की नुसत्या जीसीएसवरून ‘माईल्ड’ म्हणून सोडून देता येत नाही. आणि हे पण सांगितलं की डोकं जोरात हलून थांबतं तेव्हा मेंदूचा पुढचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासतो, आणि मेंदूतल्या बारीक तारा ताणल्या जातात, त्या तारा सीटीवर दिसतातच असं नाही. लक्ष सांभाळायचं काम बरंचसं याच पुढच्या भागाचं आणि या तारांचं.

आता टेस्टा. पहिली आकड्यांची. त्या आकडे म्हणणार, मी तसेच म्हणायचे. त्याआधी त्यांनी असा प्रश्न विचारला की मी हसलो, “मनात आकडे कुठल्या भाषेत मोजता?” आता घरी आम्ही मराठीच, पण कारखाना अशोक चौकाच्या पुढं, बरोबरचे निम्मे लोक तेलुगू, लेयर टाकताना सगळे ओकटी, रेंडु, मूडु असंच मोजतात, मी पण. घाईत मोजायचं तर माझ्या तोंडात तेलुगूच येतं. त्या म्हणाल्या उत्तर कुठल्याही भाषेत द्या, पण मधेच बदलू नका. सरळ म्हणायचे ते सहा आकड्यांपर्यंत बरोबर गेले. उलटे म्हणायचे म्हटल्यावर तिनावर गाडी अडकली. चार आकडे उलटे, ५, ८, २, ९, शेवटचा नऊ धरला, दोन धरला, आणि पुढं आठ की पाच, हातातून निसटलं. सरळ म्हणताना नुसतं धरून ठेवायचं असतं, उलटं म्हणताना धरून ठेवून हलवायचं पण असतं.

मग एक मोठा कागद, सगळा आकड्यांनी भरलेला, त्यातले ६ आणि ९ खोडत जायचं. हे मला आवडलं, कपड्यातला डाग शोधल्यासारखं. छान चाललं होतं, मध्यावर आलो आणि खाली बोळात भंगारवाला आला, ती रेकॉर्ड केलेली पट्टी, भंगाऽऽर, जुना टीव्ही, फ्रिज, कूलर. मॅडमनी घड्याळ बघून कोपऱ्यात काहीतरी टिपलं. संपल्यावर त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला आणि पेनानं दाखवलं, वरच्या अर्ध्यात दोन सुटलेले, खालच्या अर्ध्यात अकरा. आणि खोडताना मला एकदा पण वाटलं नव्हतं की सुटतंय. भंगारवाला गेल्यानंतर पण सुटतच होते. म्हणजे आवाजानं लक्ष गेलं हे एक, आणि गेलेलं परत आलंच नाही हे दुसरं.

त्यानंतर गोळे जोडायची. गुलाबी आणि पिवळे गोळे, आत १ ते २५ आकडे. पहिल्या भागात नुसते क्रमानं जोडायचे, ७० सेकंदांत झालं. दुसऱ्या भागात प्रत्येक आकडा दोन्ही रंगात, आणि जोडताना रंग आलटून पालटून घ्यायचा, गुलाबी १, पिवळा २, गुलाबी ३, असं. या टेस्टची मूळ आवृत्ती अमेरिकन सैन्यातली, १९४४ ची, तिच्यात आकडा आणि एबीसीडी आलटून पालटून जोडायची असते, पण ज्याची एबीसीडी पक्की नाही त्याचं लक्ष राहतं बाजूला, इंग्रजीच तपासलं जातं, म्हणून ही रंगांची. माझं तेराव्या-चौदाव्या आकड्यापाशी झालं काय, आकडा धरला की रंग सुटायचा, रंग धरला की आकडा. पेन कागदावर तसंच टेकवून बसलो, शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला. १९८ सेकंद लागले. मला एकदम ती बाही आठवली. साईज धरली की पार्ट सुटतो, पार्ट धरला की साईज. तोच प्रकार.

दुसऱ्या दिवशीची टेस्ट मात्र मी शत्रूला पण देणार नाही. पासॅट. स्पीकरवरून दर तीन सेकंदाला एक आकडा येतो, तो आधीच्या आकड्यात मिळवून उत्तर सांगायचं. सोपं वाटतंय ना? ३ आला, ५ आला, तुम्ही म्हणायचं आठ. मग २ आला, तर ५ आणि २, सात म्हणायचं. पण तुमच्या तोंडात अजून आठ आहे, ते आठ तुमचंच आहे, ते टाकून द्यायचं आणि ५ धरायचा, तेवढ्यात ६ येतो. माझं पहिल्या दहात तीन चुकले, आठ अधिक दोन दहा म्हणालो, मग गप्पच झालो, आकडे येतच राहिले, स्पीकरला काय माणूस गप्प झाल्याचं दुःख नसतं. मी टेबलावर हात मारला आणि म्हणलं बंद करा हे. आवाज चढला माझा. बाहेर बसलेली बायको आत आली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, या टेस्टमध्ये बरेच जण चिडतात, पाणी प्या, चिडलात तेही मी लिहिते. न्यूझीलंडच्या ग्रॉनवॉल म्हणून सायकॉलॉजिस्ट होत्या, त्यांनी १९७७ मध्ये डोक्याला मार बसलेला माणूस कामावर परत जायला तयार आहे का बघायला ही वापरायची पद्धत मांडली म्हणे. म्हणलं बाईंनी बरोबर जागा पकडली.

मधे चहाला बाहेर आलो तर एका लांबच्या पाहुण्याचा फोन. त्याचं म्हणणं मुद्दाम चुकीची उत्तरं दे, रिपोर्ट वाईट आला तर क्लेम करता येईल. आता क्लेम कोणावर करायचा, कुत्र्यावर? मी हे मॅडमना हसत सांगितलं तर त्या हसल्या नाहीत, म्हणाल्या मुद्दाम चुकणाऱ्याच्या चुका खऱ्या आजाऱ्यासारख्या पडत नाहीत, ते तपासायची पण सोय असते.

आणि शेवटी प्रश्नावली. एक मला, तीच एक बायकोला, वेगवेगळ्या खोलीत. एका कामावरून दुसऱ्यावर जाताना अडखळतात का, बोलताना मधेच हरवतात का, एका वेळी एकच गोष्ट जमते का, असं. कधीच नाही म्हणजे ०, नेहमी म्हणजे ४. मी खरंच प्रामाणिकपणे भरली. माझी बेरीज १३, तिची ३४. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि काही बोलल्या नाहीत. एका ओळीवर मी ० दिला होता, समोरचा बोलत असताना ऐकत नाहीत, आणि तिनं ४. मी म्हणलं, असं कसं, मी ऐकतो की. ती म्हणाली, “तुम्ही हो म्हणता.” एवढंच. जो ऐकत नाही त्याला आपण ऐकलं नाही हे कळणार कसं, हे तेव्हा डोक्यात आलं. टेस्टचे आकडे मला तेवढे लागले नाहीत जेवढी ही बेरीज लागली.

रिपोर्ट आठवड्यानं मिळाला. मी विचारलं पास का नापास, तर म्हणाल्या तसं नसतं. तुमच्याच वयाची, तुमच्याएवढंच शिकलेली शंभर माणसं रांगेत उभी केली तर तुम्ही कितवे, असं बघायचं, आणि खालून पंधराव्याच्या पण खाली गेलात तर ती उणीव धरायची. बेंगळुरूच्या निम्हान्सनं, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेनं, २००४ मध्ये आपल्याकडच्या माणसांवर वय-शिक्षणाप्रमाणे असे आकडे काढून ठेवलेत, नाहीतर सोलापूरच्या कटिंग मास्तरला अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोराशी ताडून बघितल्यासारखं झालं असतं. माझं सरळ आकडे धरणं चाळिसाच्या आसपास, म्हणजे ठीक. गोळे जोडायचा दुसरा भाग खालून नववा, म्हणजे उणीव. वेग कमी. बराच वेळ लक्ष टिकवणं काठावर. आणि मेमरी, जिच्यासाठी मी बदाम खात होतो, ती चांगली! गोष्ट दोनदा वाचून दाखवली तर अर्ध्या तासानंतर पण मला जवळजवळ सगळी आठवत होती, एकदाच वाचली तर निम्मी. मॅडमचं वाक्य तसंच लिहितो, “तुम्ही विसरत नाही आहात, ते आत जातच नाहीये.” दूध विसरलो नव्हतो मी. दूध ऐकलंच नव्हतं.

आणि मोकामध्ये २७ का आले तेही विचारलं. ती दहा मिनिटांची चाळणी आहे, त्या म्हणाल्या, शांत खोलीत, एका वेळी एकच प्रश्न, समोर डॉक्टर बसलेला. तुमचा कारखाना तसा आहे का? आमच्या कारखान्यात एका बाजूला ओव्हरलॉकची मशीन, एका बाजूला रेडिओ, आणि दर पाच मिनिटाला मास्टर मास्टर. म्हणूनच त्यांनी अजून एक काम दिलं. आठवडाभर कारखान्यातल्या पोरानं वही ठेवायची, माझी चूक झाली की वेळ आणि त्या वेळी काय चाललं होतं तेवढंच लिहायचं, मला दाखवायची नाही. पोरगं इमानदार निघालं, जरा जास्तच. “११.४० मास्टर फोनवर बोलत मार्किंग, कॉलर राहिली.” “३.१५ मालक आले, मोजणी परत पहिल्यापासून.” “३.५० परत पहिल्यापासून.” चौदा नोंदी, त्यातल्या नऊ जेवणानंतरच्या आणि जवळजवळ सगळ्या कोणीतरी मधे बोलल्यावरच्या. माझ्या मते त्या सगळ्या टेस्टांपेक्षा ही दहा रुपयांची वही भारी होती. मॅडम म्हणाल्या दोन्ही लागतं, वही सांगते कुठं चुकतं, टेस्ट सांगते का चुकतं. असेल.

आता एप्रिलपासून असं चाललंय. मशीनवर कापायचं काम सकाळी, स्टीलचा हातमोजा घालून, जेवणानंतर फक्त कागदावरचं. मोबाईल ड्रॉवरमध्ये. मार्किंग करताना टेबलाच्या कोपऱ्यावर लाल चिंधी बांधतो, चिंधी असेपर्यंत कोणी बोलायचं नाही, मालकांनी पण नाही, आणि ते खरंच पाळतात. लेयर मोठ्यानं मोजतो, तेलुगूत, आणि पोरगं दर दहाला खडूनं रेघ मारतं. बायको आता आधी नाव घेते, मी बघेपर्यंत थांबते, मग एकच गोष्ट सांगते, आणि मी ती परत म्हणून दाखवतो. सुरुवातीला शाळेतल्या पोरासारखं वाटायचं. या सीझनला एक फ्रॉकचा लॉट बिघडला, पण तो कापड आटल्यामुळं, माझ्यामुळं नाही, हे मी सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं.

परत टेस्ट सप्टेंबरात आहे. लगेच घेत नाहीत, आकडे पाठ झालेले असतात आणि माणूस सुधारल्यासारखा दिसतो, म्हणून मधे वेळ जाऊ देतात आणि जमेल तिथं दुसरा संच वापरतात. तोपर्यंत टू-व्हीलर बंद, ते रिपोर्टमध्येच लिहिलंय, आसरा चौकातून एकदा गाडी काढून बघा म्हणजे का लिहिलंय ते कळेल. मी रिक्षानं जातो. गाडीची चावी बायकोनं लपवून ठेवलीये, शेंगा चटणीच्या बरणीच्या मागं. लपवताना मी समोरच जेवत होतो. तिला वाटलं माझं लक्ष नाही.